करडांना कोट शिवणारा मास्टर

सिंदेवाहीत मी ज्याच्या घरी भाड्यानं राहत होतो तो शिंपी होता आणि रोज सकाळी टेपनं छाती मोजायचा. हे सांगितलं की लोक मला मध्येच थांबवून "कोणाची?" असं विचारतात, म्हणून आधीच सांगतो. बकरीच्या करडांची. दुकान उघडायच्या आधी, कापड कापायच्या टेबलावर एकेका करडाला उभं करून, गळ्यातली टेप काढून, पुढच्या पायांच्या मागून गुंडाळून. गिऱ्हाईक आलंच तर त्यानं थांबायचं. गिऱ्हाइकाची छाती रोज वाढत नसते, असं त्याचं म्हणणं होतं.

टेलर मास्टर म्हणून सगळं गाव त्याला मास्टरच म्हणायचं. शाळेशी त्याचा संबंध गणवेश शिवण्यापुरता. वय साठीच्या पुढे, दाढी अर्धी मेंदीची आणि अर्धी पांढरी, कारण मेंदी लावता लावता कोणती तरी बकरी ओरडायची आणि तो उठून जायचा.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जात, गाव, पगार, दारू, काही विचारलं नाही.

"आईचं दूध किती दिवस पेला तू?"

मी म्हटलं, आठवत नाही.

"आठवल कसं? आईले फोन लाव."

आणि मी लावला. आजही मला कळत नाही की मी का लावला. आई चंद्रपूरला, भाजी निवडत बसली असणार. तिनं दोनदा विचारलं, "घरमालकाला हे कशाला पाहिजे?" मी म्हटलं, "ते मलाही माहीत नाही, पण सांग." चांगलं दोन वर्षं पाजलं, असं आई म्हणाली. मास्टरनं ते ऐकलं, माझ्या खांद्यांकडे पाहिलं आणि चुकचुकला.

"मंग असं काऊन झालं तुह्यं?"

खोली मात्र दिली.

मी तेव्हा पशुखाद्याच्या एका कंपनीचा माणूस होतो. माणूस म्हणजे मोटारसायकल, एक पिशवी आणि पाठ केलेली काही वाक्यं. नागपूरच्या एका हॉटेलात आम्हाला ट्रेनिंग दिलं होतं. दूध पिणाऱ्या पिलाची वाढ कशाकशावर अवलंबून असते ते एका साहेबानं पडद्यावर दाखवलं: जन्माचं वजन, पहिला चीक, आईचं वय, आईचं खाणं, सोबतची भावंडं, गोठ्यातली ओल, थंडी, जंत. सगळ्यात शेवटी आमची दूध-पावडर. जेवणानंतर मी झोपलो होतो. त्यामुळे यादी पाठ झाली, पण कशानं काय होतं ते राहूनच गेलं. पुढे कोणी काही विचारलं की मी यादीतला एखादा शब्द गंभीर चेहऱ्यानं टाकून द्यायचो. "ओल असेल." "जंत असतील." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा असायचेच.

वासरांसाठीच्या त्या पावडरीची सॅम्पलं माझ्या खोलीत पोत्यानं पडलेली असायची. दूध संपलं की मी ती चहात घालायचो. माझी वाढ झाल्याचं कोणी म्हटलं नाही.

मास्टर मला नावानं हाक मारत नसे. "ओ कंपनी," म्हणायचा. त्याची बायको, चाची, मला भाऊ म्हणायची आणि नवऱ्याबद्दल माझ्याशी असं बोलायची जणू तो दुसऱ्या गावचा आहे.

मास्टरकडे करडांच्या वाढीबद्दल कल्पना भरपूर होत्या. अडचण एवढीच की नवी कल्पना आली म्हणून तो जुनी टाकून देत नसे. सगळ्या एकाच वेळी चालू. बकरीचं हृदय डावीकडे, म्हणून डाव्या सडातलं दूध गरम, म्हणून अशक्त करडानं डावीकडे प्यायचं. ओल्या जमिनीची थंडी पायातून पोटात जाते, म्हणून गोठ्यात धानाचं तणस अंथरायचं आणि रोज बदलायचं. जुनी गाणी ऐकून बकरीला पान्हा चांगला येतो, म्हणून गोठ्यात रेडिओ. पण बातम्यांनी दूध आटतं, म्हणून बातम्या लागल्या की कोणाच्या तरी पँटची पट्टी तशीच टाकून मास्टर मागच्या दारानं पळत सुटायचा. तणसाचं खरं होतं, ते आमच्या यादीतही होतं. बातम्यांचं यादीत नव्हतं. पण ज्या दिवशी रेडिओ चालूच राहिला त्या दिवशी दूध कमी निघालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग मी काय समजायचं?

"माणूस खोटं बोलते, कंपनी. टेप खोटं बोलत नाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

थंडी पडली की तो करडांना कोट शिवायचा. उरलेल्या तुकड्यांचे. खाकी, ब्लाउजपीसचे, आणि सगळ्यात जास्त गणवेशाच्या निळ्या चौकटीचे. पुढे करडू वाढेल म्हणून शिलाईत जास्तीचं कापड ठेवायचा. शिंपी त्याला माया म्हणतात. छाती वाढली की टाके उसवून कोट सैल करायचा. एका वर्षी निळ्या चौकटीतली सहा-सात करडं शाळेच्या फाटकातून आत गेली आणि प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभी राहिली. हेडमास्तर दुकानात आले.

"मास्टर, हा आमच्या शाळेचा गणवेश आहे."

"तुमच्या पोरांपेक्षा टायमावर आली ना?"

हेडमास्तर स्वतःच्या पँटचं माप देऊन गेले.

चाची हे सगळं ओट्यावर तांदूळ निवडत बघायची. "आमची दोन पोरं बल्लारशाले राह्यतात भाऊ," ती मला एकदा म्हणाली. "त्यायच्या छातीले यानं एक दिवस टेप लावला नाई. पोरं रेडीमेड घालून मोठी झाली."

चाची आरमोरीची. तिच्या लग्नात तिच्या अम्मीनं सोबत एक बकरी दिली होती. त्या बकरीची पाठ, म्हणजे मादी करडू, मग तिची पाठ, अशी मादीमागून मादी ती ओळ घरात चालत आली होती. मास्टरच्या बाकीच्या बकऱ्या बाजारातल्या. ही मात्र 'आरमोरीवाली'. आरमोरीत आता चाचीचं कोणीच उरलं नव्हतं. भाऊ वारला, भाच्यांनी घर विकलं. आणि मी राहायला गेलो त्या सुमारास इकडेही ओळ संपत आली होती. मागच्या पाठी रोगानं गेल्या होत्या, बोकड विकले गेले होते. उरली होती एक म्हातारी बकरी. दात झिजलेली, गाभण, आणि हे तिचं शेवटचं वेत हे सगळ्यांना दिसत होतं. चाची त्याबद्दल बोलत नसे. फक्त येता-जाता तिच्या पाठीवर हात ठेवायची.

बकरी व्याली ती एका सकाळी. आधी बोकड आला, धट्टाकट्टा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग पाठ आली, ओल्या फडक्यासारखी, इतकी लहान की मास्टरनं टेप काढली आणि परत गळ्यात टाकली.

तिथेच भांडण लागलं. चाचीच्या माहेरी रीत अशी की बकरीची जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय पिलाला चीक पाजायचा नाही. आधी पाजला तर जार आत अडकते.

"अम्मी असंच करत होती," चाची म्हणाली.

"अन् मी सांगून राह्यलो, आत्ताच्या आत्ता पाजाले पायजे. अंगात गरमी चीकानंच येते."

"तुम्हाले बातम्याची भीती वाटते. तुमचं काय आइकाचं?"

"कंपनीले विचार. तो शिकलेला हाय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. यादीत 'पहिला चीक' होता, एवढं मला नक्की आठवत होतं. कधी पाजायचा ते जेवणानंतर सांगितलं होतं. चाची माझ्यासाठी रोज भाकर ठेवायची आणि मास्टर घरमालक होता.

"दोन्ही बरोबर आहे," मी म्हणालो.

मग दोन्ही बरोबर असल्यामुळे दोघं पुन्हा भांडायला मोकळे झाले. आम्ही तिघं असे समोरासमोर उभे असताना बोकड स्वतःच उठला, धडपडला, कासेला लागला आणि शेपटी हलवत पीत राहिला. दोन्ही सडांना. त्याला रीत माहीत नव्हती. जार पडेपर्यंत म्हातारीच्या कासेत फारसं काही उरलं नव्हतं. पाठीच्या तोंडाला लागलं ते चाटण्याइतकं.

मास्टरनं त्याच दिवशी फर्मान काढलं. "हिले कोणी काई पाजाचं नाई. आईचंच दूध. अन् डावीकडून."

आम्ही माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशीपासून टेबलावर मोजणी सुरू झाली, आणि चमत्कार म्हणजे पाठ वाढायला लागली. पहिले दोन दिवस थोडी, मग भराभर. मास्टरचा चेहरा उजळला. रोज माप घ्यायचं आणि रोज आम्हाला दोघांना बोलवायचं. "पाह्य, कालच्यापेक्षा बोटभर." चौकटीचा कोट एकदा उसवला, दोनदा उसवला, माया संपली, मग त्यानं बगलेत खाकी पट्टी जोडली. गिऱ्हाइकांना दाखवायचा. चाची हसायला लागली होती. मीही मनातून खूश होतो, आणि माझ्या खुशीला माझं एक खाजगी कारण होतं. टेप छातीवरून मागे सरकत सरकत पोटावर आली होती, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. आकडा वाढत होता ना.

मग एका शुक्रवारी ती उठलीच नाही. मागचे पाय घाणीनं भरलेले, कोट भिजलेला, पोट ढोलासारखं आणि मान तणसावर टेकलेली. आई हुंगत होती, पण ही तोंड उचलत नव्हती.

मास्टर नमाजाला निघाला होता, तो टोपी घालून तसाच बसला. चाचीनं रिक्षा बोलावली. सरकारी दवाखान्यापर्यंत आम्ही तिघं एका रिक्षात, पाठ चाचीच्या मांडीवर. वाटेत मास्टर एकदा म्हणाला, "थंडीच हाय." बाहेर लख्ख ऊन होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, तोंडावर मास्क, हातात चहाचा कप. त्यांनी आधी कोट काढला. मग पोट दाबून पाहिलं, शेपटी वर करून पाहिलं.

"काय पाजता हिला?"

"आईचं दूध," मास्टर म्हणाला. "दुसरं काईच नाई."

डॉक्टरबाईंनी चाचीकडे पाहिलं. चाची म्हणाली, "आईचंच." मग माझ्याकडे. मी म्हटलं, "आईचंच."

"आई किती मोठी आहे? म्हैस आहे का?"

कोणी हसलं नाही.

"हे बघा, हे एका म्हाताऱ्या बकरीच्या दुधाचं पोट नाही. काय पाजलं ते सांगा, नाहीतर मी औषध कशावर देऊ?"

पाठीचा एक पाय टेबलावर थरथरला. चाचीनं पदर तोंडाशी नेला.

"मी पहाटे गायीचं पाजते," ती म्हणाली. "बाटलीनं. थोडंसंच. यायचं लक्ष कुठी असते, हे तर टेप घेऊन बसते."

मास्टर तिच्याकडे वळला. "तू पाजते?"

"मंग? मरू देऊ?"

"अवो, मी तिले दुपारी काळ्या बकरीले लावतो ना. शिंगं धरून. पोट भरेपर्यंत."

"तुम्ही? तुम्हीच तर म्हणले कोणी पाजाचं नाई."

"तुमच्यासाठी म्हणलो होतो."

मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होतो. फार मन लावून वाचत होतो. मान वळवली तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत होते.

"कंपनी," मास्टर म्हणाला.

मला वाटतं त्या आवाजात राग नव्हता. आशा होती, की निदान हा तरी शहाणा असेल.

"संध्याकाळी पावडर," मी म्हणालो.

"किती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "ते वासराचं माप आहे."

"हो. पण ही फार लहान होती, म्हणून मला वाटलं हिला जास्त लागेल."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माझा राग आला की कीव, ते मास्कमुळे कळलं नाही. मग त्यांनी सुई टोचली, एक पुडी दिली आणि समजावून सांगितलं. आज दूध बंद. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. उद्या फक्त आईचं, तेही बोकडाला बाजूला बांधून, आधी हिला. बाकी कोणी काही करायचं नाही.

"जगल का?" चाचीनं विचारलं.

"सांगता येत नाही बाई. चीक कमी मिळाला असेल तर अंगात झुंजायला काही नसतं. जन्मल्यावर लगेच पाजला होता ना?"

चाचीनं मास्टरकडे पाहिलं, मास्टरनं माझ्याकडे. मी पुन्हा पोस्टरकडे.

त्यानंतरचे दिवस त्या घरात विचित्र गेले. काही न करणं हे काम आम्हा तिघांपैकी कोणालाच येत नव्हतं. मास्टरनं शिलाई मशीन उचलून गोठ्याच्या दाराशी मांडलं आणि तिथेच बसून शिवायला लागला. गिऱ्हाइकं घराला वळसा घालून मागून यायची. तो चाचीवर नजर ठेवायला बसला होता. चाची त्याच्यावर नजर ठेवायला समोर सूप घेऊन बसायची. पावडरीची पोती माझ्या खोलीतून काढून दुकानात कुलुपात ठेवली होती, आणि मी कामावरून आलो की दोघं माझ्या पिशवीकडे बघायचे. चहा काळा पीत होतो.

पाठ अजून कासेला तोंड लावत नव्हती, म्हणून पाणी चालूच. ते पाजायची वेळ झाली की तिघांनी हजर राहायचं, असा नियम झाला. चाची चमच्यानं पाजायची, मास्टर घोट मोजायचा आणि मी उगाच उभा. एकदा मास्टर हळूच म्हणाला, "रेडिओ लावू का?" चाचीनं पुढचा चमचा भरला. त्यानं लावला नाही.

पाठ उठली ती एका दुपारी. आम्ही तिघंही तिथेच होतो आणि तिघंही बघत नव्हतो. चाची मास्टरला सांगत होती की तिच्या अम्मीनं ती पहिली बकरी देताना काय म्हटलं होतं. "अम्मी म्हणे, तिथी तुही कोणी वळखीची नाई. ही राहील." मास्टरनं मशीन थांबवलं. इतक्या वर्षांत हे त्यानं ऐकलं नव्हतं, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तेवढ्यात आतून चुपचुप आवाज आला. बोकड तर बाहेर बांधलेला. आम्ही वाकून पाहिलं. म्हातारी पाय फाकवून उभी होती आणि ही खाली गुडघे टेकून पीत होती. उजवीकडून.

मास्टर परत मशीनवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला कारण सापडलं. रिक्षात हवा लागली म्हणून ती बरी झाली, असं त्याचं म्हणणं पडलं. चाचीच्या मते, अम्मीचं नाव निघालं म्हणून. मी औषधाचं म्हणालो, तर दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की मी विषय सोडला. नंतर एकदा दुसरं करडू मलूल झालं तेव्हा मास्टरनं त्याला रिक्षात घालून नवरगावच्या रस्त्यानं फिरवून आणलं. तेही बरं झालं. आता यावर मी काय बोलू?

पाठ जगली, पण अंगानं लहानच राहिली. सोबतचा बोकड तिच्या दीडपट झाला. तिच्याकडे पाहून कोणी म्हणायचं, हिला पिलं होणार नाहीत. कोणी म्हणायचं, होतील पण वाचणार नाहीत. चाची ऐकून घ्यायची. म्हातारी बकरी पुढच्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर आरमोरीवाली म्हणायला ही एकटीच.

मी कंपनी सोडली. खरं म्हणजे कंपनीनं मला सोडलं, पण ते वेगळं. आता चंद्रपुरात एका मोबाइलच्या दुकानात असतो. मास्टरचा फोन अधूनमधून येतो. विषय बकऱ्यांचा, आणि बोलता बोलता माझ्या आईची तब्येत विचारतो. आईच्या त्या उत्तरावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात दुकानात गर्दी असताना त्याचा फोन आला.

"कंपनी, ते लहानी व्याली. आत्ताच. काय करू?"

माझ्या हातात कोणाचा तरी उघडलेला मोबाइल होता, समोर तो माणूस उभा. आणि मास्टर मला विचारत होता. मला. यादी डोक्यात सुरू झाली, चीक, ओल, थंडी, जंत.

"मास्टर, पिलाला लगेच कासेला लावा. जारीची वाट बघू नका. बाकी काही करू नका."

"चाची हो म्हणल का?"

"विचारू नका. लावा."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोकड झाला की पाठ, हे मी विचारलंच नाही. परत लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. समोरचा माणूस म्हणाला, "दादा, माह्या मोबाइलचं काय?" मी त्याला थांबा म्हटलं, दुकानाबाहेर आलो आणि लावतच राहिलो. वाईट विचार यायला लागले. लहान अंगाची बकरी, पहिलं वेत. मी सांगितलं ते बरोबर होतं की मला नुसतंच वाटतं बरोबर आहे? मी बरोबर सांगितल्याचा अनुभव मला फारसा नाही.

शेवटी फोन चाचीनं उचलला. मागे कुठली तरी बकरी ओरडत होती.

"चाची, काय झालं? बोकड की पाठ?"

"पाठ हाय," ती म्हणाली. ती घाईत होती. "चीक पिऊन राह्यली. तुम्ही फोन ठेवा भाऊ, यायनं हात सोडला की ते पडते."